पाच इंची डबा

आमच्या स्वयंपाकघरात केकचे तीन डबे आहेत, एकात एक बसणारे. मोठे दोन निव्वळ केकचे. तिसरा अ‍ॅल्युमिनियमचा, पाच इंची. त्याच्या काठाला पेन्सिलीची काळपट रेघ कायमची बसली आहे. घासून जात नाही, आणि खरं सांगायचं तर मी फार घासतही नाही. त्यात केक होतो तो वर्षातून एकदा. एरवी त्याचं काम कार्डं आखायचं. जाड कागदावर पालथा घालायचा, पेन्सिल फिरवायची, कातरायचं. झालं नाताळचं कार्ड. निदान त्याचा आकार तरी झाला.

कार्ड गोल का, याचं खापर राजवाड्यावर फोडावं लागेल. सावंतवाडीत शिकलेल्या बहुतेक पोरांना शाळेतून एकदा तरी रांगेने राजवाड्यात नेलेलं असतं. तिथे कारागीर मांडी घालून गंजिफा रंगवताना दिसतात. गोल पत्ते, वर लाखेचं चकचकीत रोगण. दशावतारी गंजिफात पत्ते 120: दहा अवतारांचे प्रत्येकी 12, म्हणजे एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. हा हिशोब मला फार नंतर कळला. तेव्हा दिसलं ते एवढंच, की बशीपेक्षा लहान गोलात एक मासा आहे, माशाच्या तोंडातून देव वर आलाय, आणि एक माणूस केसाएवढ्या कुंचल्याने त्या माशाचे खवले काढतोय. आमच्या वर्गाच्या गोंगाटाचं त्याला काही नव्हतं. घरी येऊन मी आईला म्हटलं, आपण या वर्षी गोल कार्डं करूया. ती लोणी-साखर फेटत होती. हात न थांबवता तिने लहान डबा कोपराने माझ्याकडे सरकवला.

दुकानातली पाकिटं लांबट असतात, हे कार्डं रंगवून झाल्यावर लक्षात आलं. पप्पांनी तोडगा काढला, दुमडा. मुंबईच्या आत्याचं उत्तर आलं, ‘तुमची नेवरी पावली. आत सारण नव्हतं.’ (तुम्ही जिला करंजी म्हणता, ती आमची नेवरी.) तेव्हापासून गोल कार्डं फक्त हातोहात द्यायची. ती जातात नाताळच्या ताटाबरोबर, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

छापील नाताळकार्डाचा जन्मच मुळी वेळ पुरत नाही म्हणून झाला. लंडनच्या हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना 1843 साली सगळ्यांच्या पत्रांना उत्तरं लिहिणं जमेना. त्यांनी हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजारभर प्रती छापल्या, आणि उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विकायला काढल्या. चित्रातलं कुटुंब वाईनचे पेले उंचावून बसलंय आणि एका लहानग्यालाही घोट पाजतंय, म्हणून त्यावर टीकाही झाली. मला हे कोलसाहेब आपल्यातले वाटतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, बावीस कार्डं बाकी असताना, जास्तच वाटतात.

पण आमच्या घरची गोष्ट मुळात कार्डाची नाही, केकची आहे. कार्डं केकच्या मधल्या वेळात होतात. आणि तो वेळ आईने कधी घड्याळावर मोजला नाही. तो तेर्सावर, म्हणजे घरातल्या जपमाळेच्या प्रार्थनेवर मोजला.

संध्याकाळी दिवे लागले की आम्ही तेर्साला बसायचो. पप्पा माळ धरून पुढे, आम्ही भावंडं मागे चटईवर, आणि नाताळच्या आठवड्यात आई ओट्याशी उभी. मांडीवर नव्हे, कमरेशी पातेलं धरून. दहा मण्यांचं एक दशक म्हणजे साधारण तीन-साडेतीन मिनिटं. अंडी दोन दशकं फेटायची. पप्पांनी अर्धं ‘नमो मरिये’ म्हणायचं, उरलेलं आम्ही, आणि त्या दोन्हींच्या मधून आईच्या काट्याची टकटक. पप्पांना सातच्या बातम्या ऐकायच्या असल्या की ते भराभर म्हणायचे. मग अंडी कमी फेटली जायची. ‘केक दडस झाला तो तुमच्या भक्तीमुळे,’ असं ती त्यांना सरळ ऐकवायची.

ओव्हन तेव्हा नव्हता. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, तळाला चाळून धुऊन वाळवलेली वाळू दोन बोटं, तिच्यावर तिवई, तिवईवर डबा. वाळू आधी दहा मिनिटं तापवून घ्यायची. तीच वाळू वर्षानुवर्षं चालते, फक्त काळी होत जाते. आमची तर अशी झाली होती की मावशीने एकदा वाळूचा डबा चहाचा समजून उघडला. केक आत गेला की उरलेली दशकं, मग लदीन (तेर्सानंतरची विनवणी), आणि ती संपल्यावरही आणखी एक तेर्स होईल एवढा वेळ झाकण उघडायचं नाही. धाकट्याने एकदा लदीनच्या मध्येच उघडलं. आतला सांगाडा अजून धरलेला नसतो; गार हवा लागली की फुगलेला केक आकसून बसतो. मधोमध चांगली खोल खळगी पडली. आई काही बोलली नाही. तिने खळगीत दुधाचा साखरपाक ओतला, काठाने काजू लावले आणि म्हणाली, ‘हा मोती तलाव.’ (तो आमच्या सावंतवाडीतला, राजवाड्यासमोरचा.) शहरात सगळ्यांनी मोती तलावच खाल्ला त्या वर्षी.

साखर जाळायचं काम मात्र ती कुणाला देत नसे, आणि आता मी देत नाही. केकला तो गडद रंग येतो जळक्या साखरेने. कोरड्या पातेल्यात साखर, मंद आच, चमचा घालायचा नाही. आधी कडांना मध, मग कोरा चहा, मग चहा जास्त उकळल्यावर होतो तो रंग. त्याच्या पुढे अर्धं मिनिट गेलं की फक्त कडू. नेमक्या क्षणी पाणी घालायचं, तेही कढत, तरी ते फणफणून अंगावर येतंच. माझ्या डाव्या मनगटावर त्या क्षणाचा एक ठिपका आहे. टुटीफ्रुटी मात्र मुलीवर सोपवली आहे. परसातल्या कच्च्या पपईचे बारीक चौकोन, उकडून पाकात मुरवलेले. बाजारातली टुटीफ्रुटीही पपईचीच असते हे कळल्यावर तिचा चेहरा पडला होता.

आता लहान डब्यातल्या वर्षाच्या एका केकबद्दल. तो शेजारच्या काकीचा. ज्या वर्षी नाताळ मार्गशीर्षात सापडतो, त्या वर्षी काकीकडे अंडं चालत नाही. आईने तिच्यासाठी दह्याचा केक बसवला. त्यात दही आणि खायचा सोडा एकमेकांना भेटले की फसफस लगेच सुरू होते, म्हणून आधी कुकर तापलेला हवा, मगच कालवायचं. तिथे तेर्सा-बिर्साची वाट बघता येत नाही. पुढे नाताळ पौषात आला तरी काकीचा केक बिनअंड्याचाच राहिला. तिला तोच आवडायला लागला होता.

काकीचा आमच्या कार्डांतही वाटा आहे. कार्डांना लागणारा जाड कागद आम्ही विकत आणत नाही. तो येतो लग्नपत्रिकांतून. आम्ही घरात कोकणी बोलतो, काकीशी मालवणी, लिहितो मराठीत, आणि निमंत्रणं सगळ्यांकडची येतात. सोनेरी किनार, मखमली लाल, मोतिया रंग, असा कागद दुकानात मागायला गेलं तर परवडणार नाही. पण पत्रिकेवर गणपती असतोच. तो कापून टाकायचा कसा? आई प्रत्येक गणपती नीट कातरून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. डबा भरला की चतुर्थीच्या आधी काकीकडे पोचता करायची. पहिल्यांदा तो उघडला तेव्हा काकी बघतच राहिली.

‘गो बाय, तुझ्या घराक इतके गणपती? माझ्याकडे एकच येता!’

आई गेल्यापासून कात्री माझ्याकडे आहे. मी तारा कापते, गोठा कापते, कधी नुसती मेणबत्ती. गव्हाणीतलं बाळ मला जमत नाही, ते बटाट्यासारखं दिसतं, म्हणून मी फक्त पेंढा काढते. मागे दोन ओळी हाताने लिहिते. मध्यरात्रीची मिस्सा करून आलो की थोडी झोप, आणि सकाळी ताटं निघतात: नेवऱ्या, नव्या कंगव्यावर वळलेले कुलकुल, दोदोलाचा तुकडा, केक, वर कार्ड. दिवाळीला काकीकडून येतं तेच ताट हे. फक्त नेवरीला तिच्याकडे खसखस जास्त.

ताट रिकामं परतवायचं नाही, म्हणून ते संक्रांतीपर्यंत काकीकडेच राहतं. यंदा तिचे गुडघे दुखत होते, म्हणून मीच आणायला गेले. तिने ताटात तिळाचे लाडू घातले, मग म्हणाली थांब, लोणचंही ने. ओट्याच्या कोपऱ्यात तिची चिनीमातीची बरणी. बरणीच्या तोंडावर फडकं, आणि फडक्याखाली माझं कार्ड.

‘झाकाण फुटला गो गणपतीत,’ काकी म्हणाली. ‘ह्या मातर असा बसला बघ. जसा मापानच केलला.’

खरंच बसलं होतं. कुठल्याच पाकिटात न मावलेलं कार्ड बरणीच्या काठाला काठ लावून होतं. तारा वर, अक्षरं आत. लोणच्याच्या तेलाने कागद अर्धा पारदर्शक झाला होता आणि माझ्या दोन ओळी वरून उलट्या दिसत होत्या.

काकीने ते अलगद उचललं, लोणचं काढलं, पुन्हा तसंच ठेवलं, तारा वर करून.

‘फुडल्या वर्सा जरा मोठा कर,’ ती म्हणाली. ‘पिठाच्या डब्याक व्हया.’

मधला डबा सात इंची आहे.