प्लस की मायनस?

उदाहरण धड वाचून व्हायच्या आत ओवीचा प्रश्न येतो, "मावशी, प्लस की मायनस?"

ओवी माझी भाची, तिसरीत आहे. नौपाड्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते आणि संध्याकाळी वही घेऊन खाली येते. शाळा सेमी-इंग्लिश. म्हणजे गणित इंग्रजीत आणि ते कळायचं मराठीत. उभी मांडून दिलेली गणितं ती घडाघडा सोडवते, हातचाही विसरत नाही. त्याच संख्या दोन वाक्यांत घालून दिल्या की मात्र बाई गारद.

वहीच्या मागच्या पानावर तिचा एक तक्ता आहे. 'टोटल' दिसलं की प्लस, 'लेफ्ट' दिसलं की मायनस, 'मोअर' दिसलं की पुन्हा प्लस. खोटं कशाला बोलू, मला तो आधी आवडला होता. मग एक दिवस उदाहरण आलं: रमाकडे 12 पेन्सिली आहेत. त्या सलीमच्या पेन्सिलींपेक्षा 4 ने जास्त आहेत. तर सलीमकडे किती?

ओवी 16 लिहून मोकळी.

"जास्त कोणाकडे आहेत?"

"रमाकडे."

"मग सलीमच्या 16 कशा?"

तिने उदाहरणाकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं आणि निकाल तक्त्याच्या बाजूने दिला. "पण 'मोअर' लिहिलंय ना!"

1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबलला काही शिक्षक-संशोधकांनी दुसरी-तिसरीच्या मुलांना विचारलं होतं, जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेकांनी 36 वगैरे उत्तर देऊन टाकलं. मला वाटलं, आपली ओवी फसायची नाही. म्हटलं, "ठाणे स्टेशनला टीएमटीच्या बसमध्ये 31 माणसं चढली, तलावपाळीला 9 उतरली. कंडक्टरचं वय किती?"

"22."

"कशावरून?"

जरा विचार करून म्हणाली, "नवीन लागला असेल."

यावर मी काय बोलणार? पण तेव्हापासून आम्ही एक केलं. उदाहरणातल्या संख्यांवर बोट ठेवायचं आणि आधी नुसतं काय झालं ते सांगायचं, मराठीत. पेन्सिलींचं उदाहरण परत काढलं. दोन बोटांखाली 12 आणि 4 दडले. "रमाकडे पेन्सिली आहेत. सलीमकडे त्याच्याहून थोड्या कमी…" ती थांबली. "अगं, मग मायनस!" हे 'अगं' मला होतं, की रमाला, कोण जाणे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली गणितंही अशी सांगून बघितली. 1150 चा ग्रंथ, पण गोष्टी काय एकेक! भुंग्यांचा एक थवा. त्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, म्हणजे आपल्या कुड्यावर. उरला एक. त्याला इकडून केतकीचा वास, तिकडून मालतीचा, म्हणून तो मधेच भिरभिरतोय. थव्यात एकूण भुंगे किती? असले अपूर्णांक ओवीच्या इयत्तेबाहेरचे, म्हणून मी 3, 5, 6 असे आकडे सांगून टाकले. 15 तिने बोटांवर काढले. पण तिचं लक्ष त्या एकट्याकडेच. शेवटी तो कुठे गेला, हे भास्कराचार्यांनी सांगितलेलं नाही आणि माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

परवा म्हटलं, आज उदाहरण तू घाल, मी सोडवते. पाचेक मिनिटं पाठमोरी बसून, कोपराने वही झाकत तिने लिहिलं. मराठीत. "बसमध्ये 31 माणसं होती. तलावपाळीला काही उतरली. आता 22 आहेत. किती उतरली?"

आणि खाली, कंसात: "कंडक्टरला मोजू नये."