सहीआधी मी मुलांना बाहेर बसवते

मी नाशिकला वकिली करते आणि नोटरीही आहे. सीबीएसजवळच्या माझ्या ऑफिसात प्रतिज्ञापत्रं, मुखत्यारपत्रं, मृत्युपत्रं रोज येतात. अलीकडे अधूनमधून आणखी एक कागद येतो, लिव्हिंग विल. आजार बरा होण्यातला नसेल आणि मला बोलता येत नसेल, तर व्हेंटिलेटर लावू नका, लावला असेल तर काढा, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली. पण तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे कोणी त्या वाटेला जात नसे. २४ जानेवारी २०२३ ला ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं.

हा कागद करायला आलेली बरीच माणसं एक प्रश्न विचारतात. यंत्र काढलेलं चालतं, मग डॉक्टरांकडून औषध घेऊन शांतपणे का जाता येत नाही? परदेशात तर चालतं.

चालतं, खरं आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून कायदा आहे. आयुष्य सहा महिन्यांहून जास्त उरलेलं नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलं, तर शुद्धीत असलेल्या रुग्णाला तसं औषध लिहून मिळतं. ते त्याने स्वतः घ्यायचं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून आणखी पुढे जाणारे कायदे आहेत. आपल्याकडे अशी मदत करणाऱ्या डॉक्टरवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. शिक्षा दहा वर्षांपर्यंत.

मला हा कायदा आज आपल्याकडे नको आहे. कारण माझ्या टेबलासमोरच्या खुर्च्यांत कोण बसतं आणि कोण बोलतं, ते मी रोज बघते.

दिंडोरीकडचे एक आजोबा आले होते. (इथल्या कोणाचीच ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अन्ननलिकेचा कॅन्सर, आवाज बसलेला. दोन मुलं आणि सून सोबत. मृत्युपत्र करायचं होतं आणि 'तो औषधं बंद करायचा कागद'ही. बोलत होता थोरला. आजोबा मान हलवत होते. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मुलांना बाहेर बसवलं, दार लोटलं आणि विचारलं, "बाबा, तुमचं काय म्हणणं आहे?" बराच वेळ गेला. मग म्हणाले, "मला कुठं मरायची घाई हाये, वकीलबाई? पण दवाखान्यापायी बाग इकाया लागंल. पोरं तोंडानं म्हणत न्हाईत."

त्या दिवशी मी शिक्का मारला नाही. मुलं वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. द्राक्षबागेवर आधीच कर्ज होतं, आणि बापासाठी ती विकायची तयारीही त्यांनी ठेवली होती. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. तरीही त्या म्हाताऱ्या माणसाने मनात हिशेब मांडून स्वतःला वजा केलं होतं. आमच्या दस्तांत 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता' असं असतंच. त्यांनी खाली अंगठा दिला असता आणि कायद्याने तो पक्का धरला असता.

ओरेगॉनचे वार्षिक अहवाल मी वाचते. तिथे औषध मागणारे लोक वेदनेपेक्षा जास्त वेळा सांगतात की आपलं आयुष्य आपल्या हातात राहिलं नाही, आवडीचं काही करता येत नाही, मान राहिला नाही. घरच्यांवर ओझं होण्याची भीतीही बरेच जण नोंदवतात. आमच्या दिंडोरीच्या आजोबांकडे तर वेदनेच्या उपचाराचीही खात्री नव्हती. घरी येणारी नर्स नाही, मॉर्फिन कुठे मिळेल याचा पत्ता नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ ला दुरुस्ती झाली, मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणूनच. तरी गावोगावचे रुग्ण आजही साध्या वेदनाशामक गोळीवर रात्र काढतात. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांची काळजी घेणारं, मुंबईला वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला असंच एक केंद्र आहे. पण दिंडोरीच्या वस्तीवरून वांद्र्याला कोण जाणार? दुखणं थांबवायची सोय नसलेल्या माणसापुढे मरणाची सोय ठेवायची आणि तिला त्याची निवड म्हणायचं, हे मला पटत नाही.

पण मला गप्प करणारेही एक गृहस्थ होते. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, मोटर न्यूरॉनचा आजार. हात गेले होते, जीभ जड झाली होती, बुद्धी लखलखीत. पैशाची अडचण नव्हती, बायको आणि मुलगी दोघी जीव लावणाऱ्या. त्या दोघींना मी बाहेर पाठवलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "दबाव शोधताय ना? नाहीये." मग एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "श्वास बंद पडल्यावर नळी घालू नका, हे मी लिहू शकतो. पण त्याआधी रोज थोडं थोडं बुडायचं, त्याचं काय? सावरकर इथलेच, भगूरचे. त्यांनी अन्नपाणी सोडलं, विनोबांनी सोडलं, त्यांना आपण हात जोडतो. मी उपाशी राहिलो तर चालतं, औषध मागितलं तर गुन्हा?"

मी त्यांना म्हटलं, सावरकरांनी १९६६ ला आणि विनोबांनी १९८२ ला जे केलं, त्यात दुसऱ्या कोणाच्या हाताने काही द्यायचं नव्हतं. हे उत्तर कायद्याचं आहे. त्यांच्या प्रश्नाला ते पुरत नाही, हे मला बोलतानाच कळत होतं. त्यांच्यापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, असंच मला आजही वाटतं.

तरीही माझं मत बदललेलं नाही. कायदा एकट्या त्यांच्यासाठी होत नाही. त्यांच्यामागे रांगेत दिंडोरीचे आजोबा उभे असतात, आणि दोघांच्या कागदावर मजकूर तोच असतो. कॅनडात सुरुवातीला मृत्यू जवळ आलेला असणं ही अट होती, २०२१ ला ती गेली. तिथे सरकारी आरोग्यसेवा आहे, तरी वाद पेटलाय. आपल्याकडे बिल भरायचा आकडा रोज सकाळी नातेवाइकांच्या हातात पडतो. तो परवडेनासा झाला की 'अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतोय, असं लिहून देऊन पेशंटला घरी नेतात. वेदनेची गोळी नाही, काय करायचं हे सांगणारं कोणी नाही. हे असं मरण आपल्या आजूबाजूला रोज घडतं आणि त्याची कुठल्याही वादात नोंद होत नाही. प्रेसमधल्या त्या गृहस्थांचा त्रास या सगळ्याची किंमत म्हणून मी पदरात घेतेय, हे मला माहीत आहे. ते मला सोपं जात नाही.

लिव्हिंग विल मात्र करा. त्यात तुमच्या वतीने बोलणाऱ्या एकाहून जास्त माणसांची नावं घाला, शक्यतो एक घराबाहेरचा असू द्या. साक्षीदार वारसांपैकी नकोत. एक प्रत फॅमिली डॉक्टरला द्या, एक महापालिकेने किंवा स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मत बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं. पुढे वेळ आली तर रुग्णालयाचं एक वैद्यकीय मंडळ आणि मग दुसरं मंडळ निर्णय घेतं, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत. आणि यंत्र नको म्हणताना त्याच कागदात हेही लिहा की वेदना थांबवणारी औषधं शेवटपर्यंत चालू ठेवा. माझ्याकडे येणारे बहुतेक मसुदे हे एक वाक्य विसरतात.