प्लगचा पाना

आमच्या आबांची पद्मिनी गाडी 2019 च्या पुरात घरासमोरच बुडाली. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फुटांची, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या पुढं गेलं. गावभागात माणसं आणि गॅसच्या टाक्या माडीवर चढवल्या. गाडी कोण चढवणार? पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर आतून कृष्णामाई गाळासकट पायावर आली. आबा नुसतं म्हणाले, "राहू दे." मग ती राहिली. सहा उन्हाळे तिच्या टपावर पापड वाळले.

दिवाळीच्या सुट्टीत मिरजेचा भाचा आला. वय 15. "मामा, ही चालू करायची का?"

कारखान्यानं सत्तरीच्या दशकात नाव बदलून पद्मिनी केलं, तरी आबा शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणायचे. भाच्याला गिअर सापडेना. तो स्टिअरिंगच्या दांड्याला असतो म्हटल्यावर हसला. पुढची सीट म्हणजे सलग बाकच. इंजिन 1089 सीसीचं. "एवढ्यावर चार माणसं ओढायची?" चार? आबा आम्हा सातजणांना कोंबून औदुंबरला न्यायचे, वर नैवेद्याचा डबा.

पहिले दोन रविवार उत्साहात गेले. तिसऱ्या रविवारी गंज घासायला पॉलिश पेपर हातात दिला आणि पोरगं मोबाइलमध्ये शिरलं. त्याचंही खरंच आहे. ज्या कामाला आवाज नाही आणि संध्याकाळी जे दिसतही नाही, ते पंधराव्या वर्षी कोण करेल? (पंचेचाळिसाव्याही मीच का करावं, हा प्रश्न आहेच.) म्हणून क्रम मोडला. आधी हॉर्न काढला, साफ केला, बॅटरीला जोडला. अख्खी गल्ली शिव्या देत बाहेर आली. त्या एका भोंग्यावर पुढचे तीन रविवार निघाले.

इंजिन मात्र जाम. प्लग काढून चारी सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल ओतलं आणि वाट बघत बसलो. दर रविवारी टॉप गिअर टाकून गाडी मागं-पुढं ढकलायची. ती जागची हलायची नाही. पाचव्या रविवारपर्यंत माझं मन उडालं. गुपचूप भंगारवाल्याला फोन करून भाव विचारला. तो भाव सांगत होता तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "मामा, पंखा हलला!" खरंच, इंजिनासोबत फिरणारा तो पंखा एका पात्याएवढा हलला होता. मी फोन ठेवला. त्या भंगारवाल्याचे पुढं तीन मिस्ड कॉल आले.

दोघांचा उत्साह एकाच रविवारी कधी जमलाच नाही. माझा असला की त्याचा क्लास, त्याचा असला की माझी कंबर.

घोळ झाला तो बुधवारी. सेल्फ दुरुस्त होऊन आला होता आणि रात्री मला राहवेना. एकट्यानंच डेल्कोतला (प्लगांना वीज वाटणाऱ्या डबीतला) पॉइंट घासला, प्लग बॉडीला टेकवला, बायकोला किल्ली फिरवायला लावली. निळी ठिणगी! तिथूनच भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. तो बघून म्हणाला, "हं."

पुढचे दोन रविवार तो आला नाही. बहिणीचा फोन आला. "दादा, तू काय लहान आहेस का? पोरानं ठिणगीसाठी दिवस मोजले होते."

तिसऱ्या रविवारी आला. फार बोलला नाही. चारी प्लग स्वतः बसवले, स्वतः आवळले. मला फक्त बॅटरी धरायला लावली, तीही उजेडाची. संध्याकाळी बसला जाताना प्लगचा पाना सॅकमध्ये टाकला.

"अरे, तो कशाला नेतोयस?"

"असू दे माझ्याकडं."

आज बुधवार. जेवण झाल्यावर बाहेर जाऊन आलो. दहा-अकराचा पाना आहे, बारा-तेराचा आहे.