बाळाची पाठ माझ्या पाठीला

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आले ते बाळंतपण आटोपूनच सासरी जायचं, असं आधीच ठरलं होतं. माहेर अमळनेरजवळच्या खेड्यात, दवाखाना जळगावला. सदतिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीनंतर डॉक्टर म्हणाल्या, "डोकं खाली आहे, वजन चांगलं आहे, पाणी पुरेसं आहे. फक्त बाळाची पाठ तुमच्या पाठीला लागून आहे." रिपोर्टवर लिहिलं होतं, 'सेफॅलिक, आरओपी' (डोकं खाली, डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे, जरा उजवीकडे), आणि खाली 'प्लॅसेंटा अँटिरियर'. वार पुढच्या बाजूला असली की बाळ असं बसलेलं जास्त आढळतं, एवढं त्यांनी जाता जाता सांगितलं.

आम्ही घरी पोचायच्या आत गल्लीत बातमी, की पोर पायाळू येणार. पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते म्हणतात. त्यामुळे शेजारच्या एक काकू काळजी सोडून खूशच दिसल्या. पायाळू म्हणजे पाय खाली, आमचं डोकंच खाली आहे, फक्त तोंड पोटाकडे आहे, हे मी किती जणींना समजावलं असेल! आईला शेवटी रिकाम्या पातेल्यात भाचीची बाहुली बसवून दाखवावी लागली.

खरं तर शरीर आधीपासून सांगत होतं. पोट पुढे गोल येण्याऐवजी बेंबीपाशी वाटीसारखा खड्डा दिसायचा. लाथा सगळ्या पुढून, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. लघवीला सारखं उठायचं आणि कंबर संध्याकाळी अशी धरायची की जिना चढवेना. (अर्थात नवव्या महिन्यात कंबर कोणाची धरत नाही?)

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी जे सांगितलं ते साधंच होतं. बसताना गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत, म्हणजे सोफ्यात रुतून, पाय वर घेऊन बसणं बंद. पुढे झुकून बसायचं, झोपताना डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी. आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं मार्जारासनासारखं, हातापायांवर ओणवं होऊन कंबर हलकी डोलवायची. बाळाचं डोकं आणि पाठ हा जड भाग, आई ओणवी झाली की तो पोटाच्या झोळीत पुढे सरकेल, असा त्यामागचा हिशेब. न्यूझीलंडच्या सुईण जीन सटन आणि त्यांच्या सहकारी पॉलीन स्कॉट यांनी 1990 च्या दशकात हा विचार मांडला. त्यांचं म्हणणं, बाया पूर्वी वाकून कामं करायच्या, आता मागे रेलून बसतात, म्हणून बाळंही पाठ टेकून बसतात.

फुईला, म्हणजे माझ्या आत्याला, मी हे वाचून दाखवलं. ती आईला म्हणाली, सारवायला लाव तिला, दुसरं काय सांगताहेत! आता आमच्या घरात सारवायला जागा उरलेली नाही, सगळीकडे टाइल्स. पण वाळवणाचे दिवस होते. पहाटे चुलीवर बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) घाटा शिजायचा आणि ऊन तापायच्या आत अंगणात खाटेवर ओल्या कापडावर बिबडे थापून व्हायचे. फुईनं खाटेशेजारी गोधडीची चौपदरी घडी टाकली, मला तिच्यावर गुडघे टेकायला लावलं आणि दोन्ही कोपरं खाटेच्या कडेवर. थापायचं काम तिचं, माझ्याकडे नुसतं कडा सारख्या करणं. पोट खाली मोकळं लोंबायचं आणि पाचेक मिनिटांत कंबरेतली ती चमक उतरायची. तीळ-लसणाच्या वाफेत बाळ आत जोरात हलायचं. आम्हाला वाटायचं, फिरलं! दवाखान्यात हात लावून बघितलं की पाठ जिथल्या तिथे.

या काळात एका गोष्टीला मी ठाम नाही म्हटलं. पलीकडच्या गावात एक बाई पोट चोळून बाळ फिरवते, असं दोघीतिघींनी सांगितलं. डॉक्टरांनी ऐकताच हात जोडले. चोळण्यानं वार सुटू शकते, रक्तस्राव होऊ शकतो. पोटावरून हातानं बाळ फिरवण्याची पद्धत डॉक्टरही वापरतात, पण ती पाय खाली किंवा आडव्या असलेल्या बाळासाठी, दवाखान्यातच, ठोक्यांवर लक्ष ठेवून. आमच्यासारख्या बाळासाठी ती नाहीच.

मग मी त्यांना सरळ विचारलं, या ओणवं होण्यानं खरंच काही होतं का? त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, 2004 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला. अडीच हजारांवर गरोदर बाया, निम्म्यांना सदतिसाव्या आठवड्यापासून हाच व्यायाम, निम्म्यांना रोजचं चालणं. प्रसूतीच्या वेळी तोंड वर असलेली बाळं दोन्हीकडे आठ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे फरक नाही. कळा सुरू होताना पुष्कळ बाळं अशी असतात आणि बहुतेक कळांमध्येच फिरतात, शंभरातली पाच-आठ शेवटपर्यंत तशीच राहतात. "बरं वाटतं ना कमरेला? मग करा. बाळ फिरलं नाही तर तुमचं काही चुकलं असं समजू नका." मला हे ऐकून हलकं वाटलं. तोवर घरात कोणी मला खुर्चीत टेकलेलं पाहिलं की लगेच टोकायचं, जणू बाळाला मीच अडवून धरलंय.

बाळ फिरलं नाहीच. एका रात्री पाणी गेलं, स्वच्छ होतं, पण कळा धड लागेनात. असं झालं की घरी वाट बघत बसायचं नाही, हे आधीच सांगितलेलं होतं, म्हणून लगेच गाडी काढली. दवाखान्यात कळा आल्या त्या पोटात कमी आणि माकडहाडावर जास्त. दोन कळांच्या मधेही पाठ सुटायची नाही. फुई आत थांबू शकली हे माझं नशीब. सरकारी दवाखान्यातही 2016 पासून बाळंतिणीसोबत एक बाईमाणूस राहू शकतं, ते आधीच विचारून ठेवावं. कॉटला धरून मी ओणवी, आणि कळ आली की फुई दोन्ही मुठी कमरेखाली रोवून जोर लावायची. तिचे हात भरून आले की सिस्टर गरम पाण्याची पिशवी द्यायच्या. मी रडायला लागले तर फुई म्हणते, "काबर रडस वं माय, फिरी जाई ते." व्यायामाचं माहीत नाही, पण कळांमध्ये ओणवं होण्यानं पाठीचं दुखणं सुसह्य होतं, हे मी पैजेवर सांगेन.

गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडायच्या आधीच जोर काढावासा वाटायला लागला. असं बाळ असलं की तसं होतं म्हणे. तेव्हा नुसती फुंकर मारत राहायचं, ते सगळ्यात अवघड गेलं. मधे कळा मंदावल्या, सलाईनमधून औषध दिलं, सिझेरियनची सहीही घेऊन ठेवली. तपासताना डॉक्टर म्हणाल्या, "फिरतंय." मला आत काहीच वेगळं कळलं नाही, पण पाठीतली कळ हळूहळू पोटात आली. दुपारी मुलगी झाली, तोंड खाली करून, सगळ्यांसारखी. डोकं जरा लांबट होतं, ते काही दिवसांत गोल झालं.

माझं माकडहाड मात्र बरेच दिवस ठणकत राहिलं. बाजेखाली शेगडी ठेवायची का, असा विषय निघाला होता. बाहेर पारा 44 वर असताना आईनंच तो उडवून लावला. गरम पाण्याची पिशवी आणि पाजताना बुडाखाली गोधडीची घडी, एवढ्यावर भागलं. डिंकाचे लाडू आहेतच.