एकाच फिल्मच्या दोन बाजू

मक्याच्या स्टार्चची फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा होता, आणि त्यातून किती बाष्प जातं ते आम्ही मोजत होतो. लवचिकपणासाठी त्यात ग्लिसरॉल आणि बाष्प अडवण्यासाठी स्टिअरिक आम्ल हे मेणासारखं मेदाम्ल घातलेलं. कपात ओलावा शोषणारं कोरडं सिलिका जेल, तोंडावर फिल्म घट्ट बसवलेली आणि बाहेर मिठाच्या संपृक्त द्रावणाने धरलेली ७५ टक्के आर्द्रता. ठरावीक वेळाने कपाचं वजन घ्यायचं. ते जितकं वाढेल तितकं बाष्प फिल्ममधून आत शिरलेलं.

त्या दिवशी दोन कपांची वजनं जुळेनात. एकाचं वजन दुसऱ्यापेक्षा कितीतरी भराभर वाढत होतं.

"मॅडम, तुकडे एकाच डिशमधले आहेत. मायक्रोमीटरने जाडीही पाहिली, सारखीच आहे," आमची संशोधक विद्यार्थिनी म्हणाली. कडेने गळती होत असेल म्हणून ग्रीस पाहिलं, तर तेही ठीक होतं.

मग मी उरलेला तुकडा काचपट्टीवर ठेवला आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब मण्यासारखा उभा राहिला. तुकडा उलटा करून दुसऱ्या बाजूवर सोडला, तर तो लगेच पसरला आणि खालची फिल्म फुगून सुरकुतली. वरची बाजू, म्हणजे वाळताना हवेकडे असलेली, बोटाला किंचित मेणचट लागत होती.

स्टिअरिक आम्ल साधारण ६९ अंशांना वितळतं. ९० अंशांच्या गरम द्रावणात ते अगदी एकजीव झाल्यासारखं दिसतं. डिशमध्ये ओतून ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं, की पाणी उडण्याआधीच ते गोठू लागतं आणि पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर सरकतं. म्हणजे आमच्या हातात एक फिल्म नव्हतीच, दोन थर होते. ज्या कपावर मेणचट बाजू बाहेर होती, तिथे बाष्प दारातच अडलं आणि खालचं स्टार्च कोरडं राहिलं. दुसऱ्यावर ओली हवा थेट स्टार्चला भिडली. स्टार्च पाणी धरून सैलावलं आणि बाष्पाला वाट मोकळी झाली.

मला त्या दुपारी फार आनंद झाला, कारण प्रश्न आम्ल किती टाकलं याचा नसून ते बसलं कुठे याचा होता. स्टार्चमधल्या अमायलोजची, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या ग्लुकोजची साखळी मेदाम्लाभोवती वेटोळं घालते, एका वळणात सहा ग्लुकोज, आणि आम्लाची कार्बनांची शेपटी त्या पोकळीत शिरते. बारा कार्बनांचं लॉरिक आम्ल अठरा कार्बनांच्या स्टिअरिकपेक्षा सहज आत जातं. म्हणून लॉरिकची फिल्म काढली आणि तिच्यावर आयोडीन टाकलं. साध्या स्टार्चवर येणारा गडद निळा रंग इथे बराच फिका होता. आयोडीनला लागणारी तीच पोकळी आधीच भरलेली! ही फिल्म दोन्ही बाजूंनी बरीचशी सारखी वागली.

फुकट मात्र काही मिळत नाही. गोठलेल्या आम्लाच्या कणांपाशी फिल्म तुटते, ताण सोसत नाही आणि दुधी दिसते. ओलिक आम्ल खोलीच्या तापमानाला द्रवच असल्याने फिल्म मऊ पडते, पण ताकद घटते.

तेव्हापासून आम्ही डिशमधून फिल्म सोडवण्याआधीच हवेकडच्या बाजूच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने खूण करतो आणि कोणती बाजू बाहेर होती हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहितो. नुसती आम्लाची टक्केवारी लिहिलेला तक्ता मला आता अर्धवट वाटतो.