खिडकीवरची फुली

रविवार, रात्र

आज दुपारी सहलींच्या जुन्या पोस्टकार्डांचा गठ्ठा सालाप्रमाणे लावायला घेतला होता. परंतु एका कार्डावर, हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरील खिडकीवर, शाईने काढलेली बारीकशी फुली दिसली आणि ते काम तिथेच राहिले. मागे एवढेच लिहिले आहे की फुली केलेली खोली आमची, समुद्र मात्र इमारतीच्या दुसऱ्या बाजूला आहे. चित्रात हॉटेल आणि समुद्र अगदी शेजारी शेजारी आहेत. छापील चित्राला इतक्या सभ्यपणे खोटे पाडलेले मी क्वचितच पाहिले आहे.

चित्रांवर विसंबू नये, हे त्यांच्या घडणीतूनच कळते. १८८०च्या दशकात झुरिकमध्ये फोटोक्रोमची पद्धत निघाली. तीत कृष्णधवल निगेटिव्हवरून प्रत्येक रंगासाठी शिळाछापाचा वेगळा दगड तयार करीत, आणि एका चित्राला निदान सहा, पुष्कळदा दहाहून अधिक दगड लागत. निगेटिव्हमध्ये रंग नसतोच, त्यामुळे तळ्याचे पाणी किती निळे आणि संध्याकाळ किती लाल हे टिपणे पाहून, प्रसंगी ते ठिकाण कधीही न पाहिलेला कारागीर ठरवीत असे. पुढे १९३०च्या दशकात लिनन कापडाच्या पोताची कार्डे अमेरिकेत लोकप्रिय झाली. त्यांच्यासाठी शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीत छायाचित्रांतून तारांचे खांबही पुसून टाकले जात. ही कार्डे मला भडक वाटतात, पण ती फेकवतही नाहीत.

जागेच्या टंचाईने मात्र गंमत केली आहे. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालेल्या पहिल्या सरकारी कार्डावर चित्र नव्हते. चित्रे आली तेव्हा मागची बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली होती. तिच्यावर उभी रेघ मारून अर्धी बाजू मजकुराला देण्याची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ साली, जर्मनीत १९०५ साली आणि अमेरिकेत १९०७ साली मिळाली. तोवर लोक चित्राच्या कडेला, आकाशात, बर्फावर, जिथे पांढरे सापडेल तिथे लिहीत. माझ्याजवळच्या एका कार्डावर शाईची ओळ डोंगराच्या उतारालगत वर वर चढत गेली आहे, आणि शिखराशी पोचताना अक्षर इतके लहान होते की भिंगाशिवाय लागत नाही. तिथे ‘गुडघे दुखतात’ असे लिहिलेले आहे.

तिकिटे जमवणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. ते तिकीट सोलून नेतात आणि त्याबरोबर निम्मा शिक्का, म्हणजे गाव किंवा तारीख यांपैकी काहीतरी निघून जाते. मग त्या मागच्या रेघेवरून, कागदाच्या पोतावरून अंदाज बांधत बसावे लागते, आणि माझा अंदाज एकदा तब्बल वीस वर्षांनी चुकला होता.

सर्वांत अधिक वेळ गेला तो दोन कार्डांवर. दोन्हींचे हस्ताक्षर एक, शिक्क्यातील दिवस एक, पत्त्यातील घरही एकच. फक्त एक वडिलांच्या नावे आणि दुसरे बहिणीच्या. वडिलांना कळवले आहे की हवा उत्तम आहे आणि दररोज मैलोन् मैल पायी हिंडणे होते. बहिणीला लिहिले आहे की तीन दिवस पावसाची झड आहे, पाय मुरगळल्यामुळे खोलीतच पडून आहे, वडिलांना मात्र यातले काही सांगू नकोस. बंद पाकिटात घालायचा हा मजकूर उघड्या कार्डावर लिहिताना त्याच्या मनात काय होते, याचा मी बराच वेळ विचार केला. वाटेत टपालवाल्याने तो वाचला असणारच. आणि दोन्ही कार्डे एकाच वेळी दारात पडली असतील तर ती उचलायला आधी कोण गेले, हे कोणत्याही शिक्क्यावरून कळण्यासारखे नाही.

ती दोन्ही मी एकाच पाकिटात ठेवली आहेत. सालाप्रमाणे लावायचे काम उद्यावर.