हाल्मोनी आणि छाटीच्या विड्या

परभाषेतला एखादा चांगला पिक्चर सुचवा, असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, तुम्ही काम काय करता? लोकांना हे विचित्र वाटतं. पण ती माझी जुनी खोड आहे, आणि ती लागली निपाणीतल्या एका वाचनालयात. तिथं मी सोळा वर्षं ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांना खळ लावायची, वर्तमानपत्रं काठीला अडकवायची आणि थकलेल्या वर्गणीसाठी मेंबरांच्या मागं लागायचं. पगार सांगण्यासारखा नव्हता. पण एक कपाट पूर्ण माझ्या मर्जीचं होतं, डीव्हीड्यांचं. पुण्याला गेलो की पिशवीभर आणायचो.

सायकल दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका मेंबराला ‘बायसिकल थीव्ज’ दिला होता. १९४८ चा इटालियन पिक्चर, व्हित्तोरियो डी सिकाचा. पोस्टर चिकटवायची नोकरी आहे, पण सायकल असेल तरच. म्हणून घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवतात आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बापाचं काम करणारा माणूस नट नव्हता, खराच कारखान्यातला कामगार होता. डीव्हीडी परत करताना मेंबर म्हणाला, “सगळं पटलं बघा. पर रोममध्ये साखळी-कुलूप मिळत न्हाई काय ओ?”

बँकेतल्या एका साहेबांना जपानी दिग्दर्शक ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ दिला. दुसऱ्याच दिवशी परत. “म्हातारा-म्हातारी पोरांकडं जातात आणि परत येतात. एवढ्यासाठी दोन तासांच्या वर?” मी काही बोललो नाही. त्यांचे आईवडील गावाकडंच असत.

तर ८ मार्चची गोष्ट. वाचनालयाच्या समितीनं ठरवलं की महिला दिनाला विडी कामगार बायकांसाठी काहीतरी करायचं. हळदी-कुंकू झालं होतं, व्याख्यानही झालं होतं. व्याख्यानाला निम्म्या बायका पेंगल्या होत्या, त्याला त्यांचा इलाज नव्हता. पहाटेपासून सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई संध्याकाळी व्याख्यान ऐकणार कशी? मी म्हटलं, पिक्चर लावू. अध्यक्ष म्हणाले, लावा की. मग मी सांगितलं, कोरियन आहे. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पुढचा वाद कोरियनवर झालाच नाही. तो झाला फलकावर. कार्यक्रमाचा फलक मराठीत की कन्नडमध्ये, दोन्ही असले तर वर कुठली भाषा, कुणाची अक्षरं मोठी. आमच्याकडं सीमाभागात हे असंच. एक नोव्हेंबर आला की एका गल्लीत कर्नाटक राज्योत्सव आणि पलीकडच्या गल्लीत काळा दिन, १९५६ पासून चाललंय. शेवटी फलकच लावायचा नाही, असं ठरलं. निरोप तोंडोतोंडी गेला.

माझ्यापुढं अडचण वेगळी होती. डीव्हीडीवर खाली इंग्रजी अक्षरं येत, आणि येणाऱ्या बायकांत इंग्रजी वाचणारी एकही नसणार. मी कुठंतरी वाचलं होतं की मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट सांगायचा. त्याला बेन्शी म्हणत. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा थोरला भाऊ बेन्शी होता. आपल्याकडं पिंगुळीचे चित्रकथी चित्रं दाखवत कथा सांगतातच की. मला वाटलं, आपणही असंच करू. एक डोळा पडद्यावर, एक बायकांवर. चार रात्री जागून अख्खा पिक्चर वहीत मराठीत उतरवला. चिकोडीकडच्या काही बायका कन्नड बोलणाऱ्या म्हणून महत्त्वाच्या वाक्यांचं कन्नडही शेजाऱ्याकडून लिहून घेतलं. खरं सांगायचं तर मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

पिक्चर होता ‘द वे होम’. २००२ चा, ली जोंग-ह्यांग ह्या बाईंनी केलेला. सेऊलमधला सात वर्षांचा शहरी पोरगा. आईला नवी नोकरी शोधायची असते, म्हणून ती त्याला डोंगरातल्या खेड्यात आज्जीकडं सोडून जाते. आज्जी मुकी, कमरेत पार वाकलेली. ते काम करणाऱ्या बाईंनी त्याआधी कधी अभिनय तर केला नव्हताच, कुठला पिक्चरही पाहिला नव्हता म्हणे.

साठ-पासष्ट बायका आल्या. निम्म्यांनी सुपं सोबत आणलेली. समितीतल्या एका गृहस्थांनी नाक मुरडलं, पण एक दिवस विड्या वळल्या नाहीत तर मजुरी कोण देणार, ते गृहस्थ? मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. अंधार केला तरी हात थांबले नाहीत. पान, तंबाखू, वळी, दोरा. डोळे पडद्यावर.

मी वही आणि बॅटरी घेऊन पडद्याच्या डाव्या अंगाला उभा. पहिल्या दहा मिनिटांत मी खूप बोललो. एसटीत पोरगा आईला लाथा मारतो तेव्हा बोललो, आज्जी पहिल्यांदा दिसते तेव्हा बोललो. तळहात छातीवर गोल फिरवून ती ‘चुकलं माझं’ असं सांगते तेव्हा मी म्हणालो, “ही खूण म्हणजे ती माफी मागते आहे.”

पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “ते दिसालंय की आमाला.”

हशा पिकला. मी पुढचं वाक्य वाचायला घेतलं, तोच मागून एक आवाज आला, कन्नडमध्ये, “सुम्नीर!” आणि लगेच दुसरा मराठीत, “मास्तर, गप बसा की जरा.” दोन्ही भाषांत एकच मागणी, आणि ती मान्य करण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. बॅटरी विझवली, खाली बसलो. चार रात्रींची वही मांडीखाली घातली. फरशी गार होती.

पोरगा आज्जीला ‘हाल्मोनी’ म्हणतो. कोरियनमध्ये आजीला तसंच म्हणतात. बायकांनी ते पाचव्या मिनिटाला उचललं. “हाल्मोनी आली बघ.” “हाल्मोनीचं पाऊल दुखालंय.” पोरगा गेमच्या बॅटरीसाठी झोपलेल्या आज्जीच्या केसातला आकडा चोरतो, तेव्हा जी शिवी ऐकू आली ती इथं लिहिता येणार नाही.

मग कोंबडी आली. पोराला केंटकीची तळलेली कोंबडी हवी असते. आज्जीला एवढंच कळतं की कोंबडी पाहिजे. पावसात भिजत जाऊन ती कोंबडी आणते आणि तिच्या पद्धतीनं पाण्यात अख्खी उकडते. पोरगा ताट बघून थयथयाट करतो. आणि नेमका तेव्हाच करंट गेला.

एरवी करंट गेला की आमच्याकडं लोक उठून घरी जातात. ह्या वेळी कुणी उठलं नाही. अंधारात पिक्चर पुढं चालू झाला. “कशाला पाण्यात बुडवलीस म्हणालाय.” “मग काय तेलात घालू? तेल काय तुजा बा देतोय?” चिकोडीकडची एक बाई कन्नडमध्ये आज्जीचं बोलू लागली, मुक्या आज्जीचं. मी तुझ्यासाठी एवढं भिजले, आता माझं अंग तापलंय, खा रे लेकरा. माझं कन्नड जेमतेम, पण एवढं कळलं. तिला मराठीतून उत्तर दिलं एका कॉलेजला जाणाऱ्या पोरीनं, पोरगा होऊन. “मला नगं, मला शहरातलीच पायजे!” वीसेक मिनिटं हे चाललं. माझ्या वहीतलं एकही वाक्य इतकं चांगलं नव्हतं.

करंट आला. रात्री भूक लागल्यावर पोरगा तीच कोंबडी गुपचूप खातो, तेव्हा “आत्ता!” असा एकच सूर उठला. त्या सुरात मात्र मीही ओरडलो.

शेवटाकडं पोरगा आज्जीसाठी घरातल्या सगळ्या सुयांत दोरा ओवून ठेवतो. तिथं सुपांचा आवाज थांबला. पानं कुरकुरायची, रिळं फिरायची, ते सगळं बंद. ह्यातल्या कितीतरी जणींना चाळिशीतच दोरा नीट दिसेनासा होतो. मग बसच्या मागच्या काचेतून तो छातीवर हात गोल फिरवतो. मी पडद्याकडं बघितलं नाही, बायकांकडं बघत होतो. पुढच्या रांगेतल्या म्हातारीचा हात सुपातच होता, पण बोटं हलत नव्हती.

दिवे लागल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पदरानं तोंडं पुसली, सुपं आवरली. एकीनं जाताना विचारलं, “कोंबडीत मीठ तरी घातलं हुतं काय ओ तिनं?” मला सांगता आलं नाही. वहीत ते नव्हतं.

चौथ्या दिवशी ती पुढच्या रांगेतली म्हातारी वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसली. विड्या भरून दिल्या की तपासणारा सैल वळलेल्या, वाकड्या विड्या काढून टाकतो. त्याला छाट म्हणतात, आणि छाटीची मजुरी मिळत नाही.

“तुज्या हाल्मोनीपायी माज्या सत्तर विड्या छाटीत गेल्या,” ती म्हणाली. “सगळ्या त्या सुयांच्या टायमाच्या.”

मी म्हटलं, “मग पुन्हा पिक्चर लावू नको म्हणता?”

“लाव की,” ती म्हणाली. “जरा कमी चांगला लाव.”